पांढऱ्या बाटलीला शून्य

मंगळवार, ९ एप्रिल २०२४

आज पाडवा, म्हणून सत्यमच्या कंपनीने दिलेली डायरी उघडली. आतापर्यंत तिच्यात फक्त गॅस सिलिंडरच्या तारखा होत्या. ती पानं फाडली. (सत्यम म्हणजे नवरा. तोंडावर 'अहो', डायरीत सत्यम.)

आजपासून माझ्याच डोक्यावर प्रयोग. कारण लिहून ठेवते, नाहीतर दहा दिवसांनी मीच विसरेन. परवा मनस्विनी नावाची मुलगी माझ्या पार्लरमध्ये आली. बँकेत आहे, जूनमध्ये लग्न, डोक्यावर कुरळ्या केसांचं रान. मी सवयीने म्हणाले, "लग्नाआधी सरळ करून घेऊ." ती म्हणाली, "ताई, मला ते कुरळेच छान करून हवेत. तुमच्याकडे होतं का?" मी नाही म्हणाले. ती गेली आणि समोरच्या आरशात माझेच केस दिसले. दहा वर्षं क्रांती चौकाच्या मागच्या या गल्लीत बसून मी कुरळ्या मुलींना "केस खराब आहेत" असं सांगत आले आणि इस्त्री फिरवत आले. स्वतःवरसुद्धा. मला लाज वाटली. लाज वाटली की मला आधी राग येतो आणि मग मी काहीतरी करून बसते. मनस्विनीला फोन करून सांगितलं, जूनपर्यंत शिकून घेते.

तीन बाटल्या मागवल्यात. पांढरी कंडिशनरची, हिरवी क्रीमची, काळी जेलची. तिन्हींवर तीच एक बाई मान मागे टाकून हसते आहे. प्रत्येकीला दहापैकी गुण द्यायचे. पास होईल ती पार्लरमध्ये राहील.

बाटल्या टेबलावर मांडल्या तेव्हा आत्यांनी पदर पुढे ओढला. सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्यांच्यासमोर केसांचा विषय नको, हे माझ्या लक्षातच राहत नाही. कोरोनात त्या बावीस दिवस दवाखान्यात ऑक्सिजनवर होत्या. तिथं केस कोण विंचरणार? घरी आल्या त्या मागे मुठीएवढा गुंता घेऊन. दौलताबादहून त्यांच्या थोरल्या जाऊबाई, लक्ष्मीबाई, भेटायला आल्या आणि म्हणाल्या, ही जट आहे, देवीने वाचवलं त्याची खूण, हिला हात लावायचा नाही. मी कात्री आणते म्हणाले, तर आत्या दोन महिने माझ्याशी बोलल्या नाहीत. तेव्हापासून तो विषय बंद. आता ती जट नारळाएवढी झाली आहे आणि न्हाल्यावर दिवसभर ओली राहते. आत्यांना उताणं झोपता येत नाही, मान वर होत नाही. डॉक्टर म्हणाले, मणके दाबले जातायत, डोक्यावरचं वजन कमी करा, नाहीतर हात बधिर होतील. घरी येऊन हे वाक्य कुणीच पुन्हा उच्चारलं नाही. सत्यमला वाटलं झोप उकाड्याने लागत नाही, म्हणून मागच्या उन्हाळ्यात त्याने त्यांच्या खोलीत नवा पंखा लावला. झोप आली नाही ती नाहीच.

शुक्रवार, १२ एप्रिल

पांढरी बाटली. वर लिहिलंय, एका वापरात मोकळे, उसळते कुरळे. बोअरच्या पाण्याने केस धुतले, बाटलीतलं थापलं, पुन्हा धुतलं. मोकळे कसले, पावसात भिजलेल्या मांजरासारखे डोक्याला चिकटून बसले. बुळबुळीत इतकं की हातातून कंगवा दोनदा पडला. शून्य गुण.

चिडून त्यावरच काळं जेल लावलं आणि गच्चीवर उभी राहिले. बेचाळीस डिग्रीत दहा मिनिटांत सगळं कडक. शेजारच्या बायकांनी कुरडया वाळत घातल्या होत्या. आत्या जिन्यात उभ्या राहून म्हणाल्या, "त्यांच्यातच जाऊन बस. कुणी वळखायचं नाय." हात लावला की करकर वाजायचं आणि खांद्यावर पांढरा चुरा पडायचा. काळीला एक. तोही आत्या हसल्या म्हणून.

गुरुवार, १८ एप्रिल

नळ आला. आठव्या दिवशी, दुपारी दोनला. ड्रम, टाकी, कळश्या, कुकर, सगळं भरलं. मग चोरून दोन बादल्या माझ्या डोक्यावर. हिरवी बाटली. आणि झालं की! कपाळावर एक वेटोळं पडलं, मग कानाजवळ, मग सगळीकडे. मी पार्लरचे तिन्ही आरसे फिरवून मागून बघितलं.

म्हणजे बोअरच्या पाण्यातच घोळ आहे. या पाण्यात साबणाला फेस येत नाही, डाळ शिजत नाही, मग केस कसे वळतील? मी दहा वर्षं दोष केसांना दिला, आठवडाभर बाटल्यांना दिला. कोणत्या पाण्याने धुवायचं हे बाटलीवर कुठेच लिहिलेलं नाही. त्या हसणाऱ्या बाईकडे रोज नळ येत असणार.

आपल्याकडे येत नाही. पैठण रोडला नव्या योजनेचे पाइप पडलेत, सत्यम म्हणतो माणूस आत उभा राहील एवढे. तो रोज चितेगावला कंपनीत जाता-येता ते बघतो. सध्या त्यांच्यात कुत्री झोपतात.

रविवार, २१ एप्रिल

भांडण. मी पिण्याच्या पाण्याचा अर्धा जार डोक्यावर ओतला आणि आत्यांनी बघितलं.

"प्यायचं पाणी केसावर ओतायलीस? दौलताबादला बाया टँकरमागं पळायल्यात, अन तू हिथं फॅशन करायलीस?"

मी म्हणाले, हा माझा धंदा आहे. त्या म्हणाल्या, "धंद्याला इमान असतं." मी पार्लरचं शटर अर्धं ओढून आत बसून रडले. कारण त्यांचं खरं होतं.

संध्याकाळी मीच कबूल केलं. बोअरच्या पाण्याने धुवायचं आणि शेवटी फक्त एक तांब्या जारचं घ्यायचं. आत्या भाकरी थापत होत्या. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "एका तांब्यात किती केस निघत्यात?"

"माझ्याएवढे निघतात."

"अन लांब असले तर?"

"मग दोन लागतील."

त्यांनी पुढची भाकरी थापायला घेतली. माझ्या उधळपट्टीचा हिशेब चालला असणार. माणूस एकदा मनात अढी धरून बसलं की असंच.

शुक्रवार, २६ एप्रिल

नळाचा दिवस. आज आत्यांनी मला चकित केलं. हिरवी क्रीम लवकर सुकते अशी मी कुरकुर करत होते, तर त्यांनी डब्यातून जवस काढून पाण्यात उकळलं आणि फडक्यातून गाळून दिलं. "हे चिकट होतं. चटणीला भिजवलं तरी हाताला सोडत नाय." लावून बघितलं. काळ्या जेलपेक्षा शंभर पट बरं. करकर नाही, चुरा नाही. हिरवी अधिक जवस, सात गुण. आत्यांना सांगितलं तर म्हणाल्या, "दौलताबादच्या रानातलं हाये, त्याला काय गुण देती."

पांढरी बाटली फेकायला म्हणून खिडकीत ठेवली होती, ती गायब आहे. सत्यमला विचारलं. तो डोक्यावरून हात फिरवून म्हणाला, "माझ्याकडे काय वळवायचं राहिलंय?"

शुक्रवार, ३ मे

आज नाक कापलं गेलं. इंटरनेटवरची एक बाई म्हणाली होती, कुरळे केस रोज विंचरायचे नाहीत, वर बांधून ठेवायचे. मी सहा दिवस कंगवा लावला नाही. त्यात घाम, बोअरचं पाणी, आणि संपवायचं म्हणून वापरलेलं काळं जेल. मानेपाशी लिंबाएवढा गुंता झाला. आणि नेमक्या आज लक्ष्मीबाई डोळे दाखवायला शहरात आल्या होत्या. मी पाणी द्यायला वाकले आणि त्यांना दिसलं.

"तनुजा," त्या एकदम हळू आवाजात म्हणाल्या, "तुलाबी आली गं."

मला कळेपर्यंत त्या देव्हाऱ्यातून हळदी-कुंकवाची कोयरी घेऊन आल्या होत्या. मला हसू फुटलं. हसायला नको होतं. मी म्हणाले, "देवी नाही लक्ष्मीबाई, जेल आहे." तिथंच फरशीवर बसले, हिरवी क्रीम आणि खोबरेल घेतलं आणि बोटांनी एकेक केस सोडवायला लागले. दीड तास लागला. आत्या समोर ताटात तूर निवडत होत्या. एकच मूठ त्यांनी तीनदा निवडली.

"कात्री नाय लागली?"

"नाही."

"दुखलं?"

"थोडं."

लक्ष्मीबाई जरा रुसूनच म्हणाल्या, "मग ती देवीची नव्हतीच. देवीची असती तर सुटली नसती."

आत्यांचा हात ताटात थांबला. जाऊबाईंसमोर मी देवीवरून हसले, हे त्यांना लागलं असणार. रात्री जेवताना माफी मागितली. त्या दुसऱ्याच विचारात होत्या.

रविवार, ५ मे

नळ आला. आत्या सव्वा तास न्हाणीत. सत्यमने दोनदा दार वाजवलं. आतून आवाज, "पाठ घासायली." बाहेर आल्या त्या पदर घट्ट आवळून, चेहरा लाल. मला काळजी वाटते, चक्कर येत असेल आणि सांगत नसतील. आत स्टूल ठेवलं. न्हाणीची फरशी इतकी निसरडी झाली होती की मीच पडले असते. साबण ओला टाकतो म्हणून सत्यमवर ओरडले. तो म्हणाला मी नाही. त्याच्याशिवाय कोण?

गुरुवार, ९ मे

मनस्विनी आली. तिचे केस जपून ठेवलेल्या नळाच्या पाण्याने धुतले, हिरवी क्रीम, जवस, आणि वाळेपर्यंत हात न लावण्याची शपथ. वाळल्यावर ती आरशासमोर मान इकडून तिकडे करत राहिली. म्हणाली, "माझे आहेत असं वाटतंय." दहा वर्षांत हे वाक्य पार्लरमध्ये कुणी बोललं नव्हतं.

आत्या चहा घेऊन आल्या आणि दारातच रेंगाळल्या. "पोरी, गुंता झाला तर काय करती?"

"टोकाकडून सोडवते आजी. वरून ओढलं की आणखी घट्ट होतो."

"व्हय. गोधडीचा टाका उसवावा तसं. ओढायचा नाय, खालून उचलायचा."

आत्यांना आता माझ्या धंद्यात रस वाटायला लागलाय. फार बरं वाटलं. त्यांचं मन मात्र था‍ऱ्यावर नाही. सोमवारी त्यांनी सत्यमला कंपनीत तीन फोन केले. काम काही नव्हतं, फक्त "धड हायेस ना?" एवढंच विचारलं.

मंगळवार, १४ मे

नीट लिहिते. हात अजून निसरडे आहेत, पेन सटकतंय.

आज नळ आला, सगळं भरून झालं. मंगळवार, म्हणजे आत्यांचा जटेला हळद-कुंकू लावायचा दिवस. त्यांनी मला खोलीत बोलावलं आणि कडी लावली. देव्हाऱ्याच्या मागे हात घालून त्यांनी पांढरी बाटली काढली. तळाला दोन बोटं उरलं होतं.

मग पदर खाली घेतला. तीन वर्षांत मी ती जट उघडी बघितली नव्हती. वरचा गठ्ठा तसाच होता, लोकरीच्या नमद्यासारखा घट्ट, जुन्या कुंकवाने लाल झालेला. पण खालच्या टोकाला चारेक बोटं केस सुटे होते. करडे, पातळ, पण सुटे.

"माझा हात मागं पुरत नाय," आत्या भिंतीकडे बघत म्हणाल्या. "म्होरलं तू कर."

मी एवढी मठ्ठ कशी? दोन तांबे, न्हाणी, निसरडी फरशी, टाका. माझ्या नाकासमोर एक बाई महिनाभर दार वाजवत होती आणि मी तिला चक्कर येते म्हणून स्टूल दिलं.

मी विचारलं, "भीती नाही वाटली?"

"लई भ्याले. बोट लावलं अन दुसऱ्या दिवशी सत्यमला फोनवर फोन. मला वाटलं त्याचंच काही व्हतंय. काय नाय झालं. लक्ष्मीबाईच म्हणली ना, देवीची असती तर सुटली नसती. चार बोटं सुटली. म्हणजी तेवढी तर माझीच हाये." मग वळून माझा हात धरला. "कात्री नाय, तनुजा. एकबी केस कापायचा नाय. सुटंल तेवढं सुटंल. न सुटलेलं तिचं."

मी हो म्हणाले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी बघितलं नाही, कारण मान तेवढी वळत नाही.

शुक्रवार, १७ मे

रोज दुपारी दोन तास. पार्लरच्या दारावर 'बंद' पाटी. आधी पांढऱ्या बाटलीतलं ओतून अर्धा तास मुरवायचं, मग खालून एकेक धागा उचलायचा. कंगवा चालत नाही. आत्यांनी गोधडीची जाड सुई दिली, तिचं टोक मी दगडावर घासून बोथट केलं. ओढायला लागले की त्या म्हणतात, "उचल, उचल." शिकवणारी तीच, जिच्या डोक्यावर काम चाललंय.

जे माझ्या केसांना चापून बसवत होतं, तेच इथे कामाला येतंय. त्या बुळबुळीतपणात गुंत्याची पकडच सुटते. आणखी दोन पांढऱ्या बाटल्या मागवल्या. बाटलीच्या कंपनीला वाटेल बाई खूश झाली.

तीन वर्षांचे गळून आत अडकलेले केस मुठीमुठीने निघतात. आत्या ते फडक्यात बांधून ठेवतात. पैठणला गंगेत, म्हणजे गोदावरीत, सोडायचे, पण गंगेला पाणी येईल तेव्हा. तोवर गाठोडं देव्हाऱ्याखाली.

सत्यमला आज सांगितलं. तो बराच वेळ बुटाची लेस सोडत बसला. म्हणाला, "तेव्हा माय जिवंत घरी आली होती. कुणी दगडाला हात जोड म्हणालं असतं तरी मी जोडले असते. मी बोलायला हवं होतं." मी म्हणाले, आता बोला. तो उठला. "आता जार आणतो," म्हणाला, आणि दोन आणले. एकावर खडूने 'माय' असं लिहिलंय.

सोमवार, २० मे

आत्यांना ताप. एकशे दोन. काम बंद.

लक्ष्मीबाईंना कुठून कळलं कोण जाणे. फोनवर म्हणाल्या, "मी सांगितलं व्हतं." मी फोन ठेवला. अर्धी जट सुटलीय, अर्धी एका बाजूला लोंबते आहे, त्यामुळे मान आणखी वाकडी झालीय. हे आधीपेक्षा वाईट करून ठेवलंय मी. अर्ध्यात सोडलं तर हे असंच राहणार, आणि पुढं नेलं आणि काही झालं तर सत्यम मला काही बोलणार नाही, तेच जास्त वाईट. मी देवाला मानते की नाही, मला खरंच माहीत नाही. पण आज पार्लरच्या सगळ्या कात्र्या मी ड्रॉवरच्या तळाशी ठेवल्या, वर टॉवेल घातला.

गुरुवार, २३ मे

नळ आला आणि ताप उतरला. मी आत्यांना म्हणाले, थांबायचं असेल तर थांबू.

त्या उशीला टेकून पेज पीत होत्या. "समोरच्या मोतीरामला ताप आला का नाय?"

"आला."

"दूधवाल्याला?"

"त्यालाही."

"त्यांनी कुणाची जट सोडली?" वाटी खाली ठेवून त्यांनी पदर सरकवला. "उन्हाचा ताप हाये. बाटली आण."

नंतर स्वतःच लक्ष्मीबाईंना फोन लावला. "बाई, अर्धी सुटली. देवीनंच सोडली म्हणा की." मग लक्ष्मीबाईंनी विचारलेलं मलाही ऐकू आलं. "मान कशी हाये?"

शनिवार, १ जून

दुपारी तीन वाजता शेवटची गाठ सुटली. टाळूपासून जेमतेम बोटभर अंतरावर होती. मला वाटत होतं तेवढी तरी देवीची राहील. आत्यांनाही वाटत असावं. एकही केस कापला नाही. निम्म्याहून जास्त मात्र फडक्यात गेले. उरले ते विरळ आहेत, खांद्यापर्यंत, पुढे सरळ आणि मानेपाशी जरासे वळलेले. दोन तांबे जारच्या पाण्याने धुतले. आत्यांनी हात मागे नेऊन मान चाचपली, पुन्हा चाचपली. मग हात जोडून देव्हाऱ्याकडे बघितलं आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी बोलल्या.

मनस्विनीचं लग्न पंधरा तारखेला आहे. आत्या येणार म्हणतायत. तीन वर्षांत एकाही लग्नाला गेल्या नव्हत्या. पार्लरच्या पाटीवर 'कुरळे केस' हे शब्द रंगवायला दिलेत. त्याखाली आत्यांच्या सांगण्यावरून 'गुंता सोडवून मिळेल, कात्री नाही' असंही येईल.

गुण राहिलेत. पांढऱ्या बाटलीचं शून्य मी खोडणार नाही. जे तिच्यावर छापलंय त्यात ती नापासच आहे. शेजारी दहा लिहिले, न छापलेल्या गोष्टीचे.

केस वाळल्यावर आत्या म्हणाल्या, "जरा पडते." मी कुशीला लावायची उशी घ्यायला गेले. परत आले तर त्या उताण्या झोपल्या होत्या. हात पोटावर, डोकं सपाट गादीवर, डोळे टक्क उघडे.

"हा पंखा कधी बदलला?"

"मागच्या उन्हाळ्यात, आत्या. तुम्हाला सांगितलं होतं."

"सांगितलं व्हतं. बघितला नव्हता." थोडा वेळ बघत राहिल्या. "सोनेरी पट्टी हाये त्याला."

सत्यम दारात उभा होता. त्याने पंख्याच्या रेग्युलेटरला हात लावला. "माय, मोठा करू का?"

"नगं. हळूच राहू दे," आत्या म्हणाल्या. "पाती दिसायलीत."